गावाकडच्या रस्त्यावर बोर्डच नसतो, मग स्पीड लिमिट धरायची किती? आणि हे रस्ते असे वेडेवाकडे प्लॅन कोण करतं?

बोर्ड नसला तरी लिमिट असते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढली, तिच्यात एक्सप्रेसवे, चौपदरी हायवे, नगरपालिका हद्दीतले रस्ते आणि "इतर रस्ते" असे चार रकाने आहेत, आपला गावाकडचा रस्ता शेवटच्या रकान्यात. तिथे कारला ७०, मोटरसायकलला ६०, मालवाहू गाडीला ६०, रिक्षाला ५०. ही जास्तीत जास्त मर्यादा झाली, राज्य सरकार ती कमी करू शकतं पण मग तिथे तसा बोर्ड लावावा लागतो, आणि घोडं अडतं ते तिथेच.

आता गंमत बघा. ग्रामीण रस्ते बांधायला इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं मॅन्युअल आहे, त्यात सपाट भागातल्या गावरस्त्याचा डिझाईन स्पीड, म्हणजे ज्या वेगाच्या हिशोबाने रस्ता आखायचा तो, ५० धरलाय, जागाच नसेल तर ४०, आणि डोंगराळ भागात २५ नाहीतर २०. म्हणजे इंजिनियरने वळण काढलं चाळीसच्या हिशोबाने आणि कायद्याच्या कागदावर त्याच वळणावर कार सत्तरने गेली तरी ती लिमिटमध्येच! दुपदरी राज्य महामार्ग आणि आमच्या वस्तीवरचा पावणेचार मीटरचा डांबरी पट्टा, दोघांना एकच आकडा. ज्याने कोणी हा रकाना भरला त्याला एकदा डिसेंबरात आमच्याकडे आणून गाडी चालवायला दिली पाहिजे.

डिसेंबर का, तर ऊस. मी रोज दुधाची पिकअप घेऊन डेअरीला जातो. मे महिन्यात जे वळण लांबून स्वच्छ दिसतं ते ऊस डोक्याच्या वर गेला की पूर्ण आंधळं होतं, कारण लोकांनी पार डांबराच्या कडेपर्यंत सरी ओढलेली असते. त्यात समोरून कारखान्याचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही आणि टेप एवढा मोठा की हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही. पावणेचार मीटरमध्ये दोन गाड्या बसत नाहीत, एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि दरवेळी जुन्या डांबरावर नवा थर टाकून टाकून रस्ता वर आलाय, मुरूम मात्र कोणी भरत नाही, त्यामुळे कडेला चांगली वीतभर पायरी झालीये. मोटरसायकलवाला उतरला की पडतो, नाही उतरला तर ट्रॉलीखाली.

प्लॅन कोण करतं म्हणाल तर खरं सांगू का, बऱ्याच रस्त्यांचा प्लॅन कोणी केलेलाच नाही. आधी गाडीवाट होती, ती बांधाबांधाने जायची, मग रोजगार हमीत मुरूम पडला, मग खडी, मग डांबर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २०००च्या डिसेंबरात आली आणि वाड्यावस्त्यांना रस्ता मिळाला हे मी नाकारत नाही, पावसाळ्यात पेशंट बाजेवरून न्यायचे दिवस लोकांनी पाहिलेत. पण त्या योजनेत जमीन घ्यायला पैसे नाहीत, जमीन राज्याने किंवा गावाने द्यायची. मग वळण सरळ करायचं तर कोणाच्या तरी रानाचा कोपरा जाणार, तो फुकट का देईल? मी पण दिला नसता. म्हणून रस्ता बांधाच्या कोपऱ्यावर येऊन काटकोनात वळतो.

आणि अपघात झाला की गाव रस्त्यावर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी स्पीड ब्रेकर. नियमाने तो दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, म्हणजे गाडी पंचवीसने आरामात पार होते, त्याच्या आधी चाळीस मीटरवर सूचनेचा बोर्ड, वर पांढरे पट्टे. आमच्याकडे उरलेल्या डांबराचा ढिगारा असतो, हातभर रुंद, रात्री दिसत नाही, भरल्या कॅनची झाकणं उडतात.

बोर्ड पाहिजे असेल तर आधी रस्ता कोणाचा ते शोधा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकामकडे. ग्रामसडकचा असेल तर पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, तारीख फलकावर लिहिलेली असते, ती संपायच्या आत मागे लागा. आम्हाला दोन्हीकडून "रस्ता आमच्याकडे नाही" असं लेखी उत्तर आलं होतं, म्हणून सांगतोय. ग्रामसभेचा ठराव करा, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला पाठवा, आणि नुसतं "गावाजवळचं धोकादायक वळण" लिहू नका, रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर टाका, नाहीतर जागा स्पष्ट नाही म्हणून कागद परत येतो आणि तोवर पुढचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो.