मुलांना वेल्श शाळेत घालावं का?

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही लेस्टरहून वायव्य वेल्समध्ये, ग्विनेडमधल्या एका खेड्यात राहायला आलो. नवऱ्याला बँगोरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. घरात मराठी बोलायचं ठरवलं होतं, पण पाळणाघर आणि शाळेच्या धबडग्यात ते मागे पडलं आणि आता मुलं आमच्याशीही इंग्रजीतच बोलतात. मुलगी चार वर्षांची आहे, ती रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गात जाईल. मुलगा नऊचा आहे, तो इयर फाइव्हमध्ये. गावातली शाळा वेल्श माध्यमाची, म्हणजे शिकवणं इंग्रजीत नाही, वेल्समधल्या वेल्श भाषेत. मुलीची फारशी काळजी वाटत नाही. मुलगा मात्र वाचनवेडा, गोष्टी लिहिण्यात वर्गात पहिला. तो म्हणतो, "तिथे सगळ्यांना वाटेल, मला काहीच येत नाही." नवरा म्हणतो, इंग्रजी शाळा मिळेल अशा ठिकाणी घर बघू. आम्हा दोघांना वेल्शचा गंध नाही, मग अभ्यास कोण घेणार? काय करावं?
— एक आई, ग्विनेड

उत्तर : घर बदलू नका. दोघांनाही गावातल्याच शाळेत घाला. मी अशाच एका शाळेत वर्गात मदतनीस म्हणून काम करते आणि माझी दोन्ही मुलं वेल्श माध्यमातच शिकली, त्यामुळे हे मनापासून सांगते. मात्र तुमच्या दोन मुलांचं गणित वेगळं आहे.

मुलीचं थोडक्यात सांगते. वर्गात बाई वेल्शच बोलतात, हाताने दाखवतात, आणि तीच वाक्यं दिवसभर पुन्हा पुन्हा येतात : कोट काढा, बसा, दूध घ्या, पसारा आवरा. मूल इंग्रजीत काही बोललं तर बाई ऐकून घेतात आणि तेच वेल्शमध्ये म्हणून दाखवतात. पुष्कळ मुलांचं पहिलं अख्खं वाक्य असतं, 'गा ई विंद इर टी बाख?', म्हणजे शू-शीला जाऊ का? ते रोजच लागतं ना! काही आठवडे, कदाचित काही महिने, ती गप्प राहील. बोलत नाही म्हणजे कळत नाही असं समजू नका. आमच्या वर्गात इंग्रजी घरातली एक चिमुरडी होती, नाताळ जवळ आला तरी तोंड उघडेना. एक दिवस कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी कुणीतरी रांगेत तिच्यापुढे घुसलं आणि ही कडाडली, 'वी सी गन्ता!' पहिला नंबर माझा! त्यानंतर तिला गप्प करावं लागायचं.

ती वाचायला आधी वेल्शमध्येच शिकेल. इंग्रजी हा विषय साधारण इयर थ्रीपासून, सात वर्षं पूर्ण झाल्यावर येतो. वेल्श बहुतेक जसं लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे मुलं पटकन वाचू लागतात. अक्षरांचे उच्चार मात्र वेगळे : एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ, आणि डब्ल्यू पुष्कळदा उ. घरी पुस्तक उघडून ती एफला व म्हणाली, तर चुकलीस म्हणू नका.

आता मुलाचं. त्याची भीती अगदी खरी आहे, 'काही होत नाही रे' म्हणून ती उडवून लावू नका. लेस्टरच्या वर्गात तो शब्दांच्या जोरावर हुशार ठरला आणि इथे पहिल्या दिवशी नेमके तेच त्याच्याजवळ नसणार. इतकं नेमकं बोलून दाखवणारं मूल समजूतदार आहे. त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोला : सुरुवातीला अवघड जाईल, पहिल्या दिवसापासून वर्गातलं सगळं कळावं अशी कुणाचीच अपेक्षा नाही, आणि त्यासाठी इथे खास सोय आहे.

ती सोय म्हणजे भाषाकेंद्रं. बाहेरून उशिरा आलेल्या मुलांसाठी ग्विनेडमध्ये १९८४ पासून ती चालू आहेत. मूल आपल्या शाळेचंच राहतं, पण साधारण एक टर्म, म्हणजे एक सत्र, छोट्या गटात केंद्रात शिकतं. दुकान-दुकान खेळणं, नाटकं, गाणी, एकच वाक्यरचना वेगवेगळे शब्द घालून दहा वेळा घोळवणं, असं दिवसभर चालतं. तिथे सगळेच नवशिके, म्हणून कुणी मागे पडत नाही. तुमच्या मुलासाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. नाव शाळेमार्फत जातं. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरतानाच मुख्याध्यापकांना विचारा : कोणत्या टर्मला जागा आहे, केंद्र कुठे आहे, ने-आण कशी होते. शक्य असेल तर मुलाला आधी केंद्र दाखवून आणा.

केंद्रातून परतल्यावर तो मित्रांशी बोलू लागेल, वर्गातलं पुष्कळसं कळेल, पण लिहिणं मागून येईल. पुस्तकी वेल्श पक्कं व्हायला वर्षं लागतात. पालकांचा धीर सुटतो तो नेमका याच टप्प्यावर, कारण गोष्ट लिहिणारा मुलगा चार ओळींवर अडकलेला दिसतो. म्हणून एक काम आत्ताच करा. त्याच्या जुन्या शाळेतल्या गोष्टींच्या वह्या आणि गणिताची वही नव्या बाईंना नेऊन दाखवा. हा मुलगा काय करू शकतो ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळू दे. गोष्ट आधी इंग्रजीत लिहून मग जमेल तेवढी वेल्शमध्ये आणली तर चालेल का, तेही विचारा. चांगल्या बाई हो म्हणतात. घरी त्याचं इंग्रजी वाचन बिलकूल थांबवू नका, उलट लायब्ररीचं कार्ड आधी काढा. गणितात तो लवकर सावरेल. शाळेत शिकवतात त्या पद्धतीत एकोणतीस म्हणजे 'दोन दहा नऊ'. आपल्या आकड्यांपेक्षा सोपं प्रकरण आहे.

शाळेबाहेरही त्याला वेल्श कानावर पडू दे. ग्विनेडमध्ये निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलतात, तेव्हा गावातल्या फुटबॉलच्या सरावाला पाठवलं तरी काम होईल. उर्द ही मुलांची संघटना १९२२ पासून आहे. खेळ, गाणी, स्पर्धा, शिबिरं सगळं वेल्शमधून. बालाजवळच्या तळ्याकाठी त्यांचं ग्लान-हलिन नावाचं शिबिर आहे, होड्या वल्हवायला मिळतात. शाळेची सहल तिथे निघाली तर त्याला नक्की पाठवा. एस-फोर-सी वाहिनीवर लहानांसाठी 'क्यू' आणि मोठ्या मुलांसाठी 'स्तुन्श' लागतं. तेही राहू दे चालू.

एक मात्र कळकळीने सांगते. संध्याकाळी दारात पाऊल टाकताच 'आज काय शिकलास, वेल्शमध्ये बोलून दाखव' म्हणू नका. फोनवर आजी-आजोबांपुढे नको, दुकानात दुभाषा म्हणून तर नकोच नको. दिवसभर परक्या भाषेत कान टवकारून बसलेलं मूल घरी दमून येतं. त्याला खायला द्या आणि कुठल्याही भाषेत, काहीही बोलू द्या.

अभ्यासाचं फार मनावर घेऊ नका. शाळेतून येणारी पत्रं दोन्ही भाषांत असतात, आणि बाई तुमच्याशी इंग्रजीत बोलतील. वेल्श पुस्तक त्याने तुम्हाला वाचून दाखवावं आणि मग काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगावं, एवढं पुरतं. तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल, तर मुदियाद मेथ्रिन ही बालवाड्या चालवणारी संस्था लहान मुलांच्या पालकांसाठी 'क्लुब कुत्श' नावाचे मोफत वर्ग घेते. जवळपास आहे का बघा.

आणि तुमची मराठी? ही वेळ चांगली आहे. या गावात मुलं घरी एक, शाळेत एक असं सहज बोलतात, तेव्हा घरची भाषा वेगळी असण्याचं कुणाला नवल वाटणार नाही. एकदम सक्ती नको. झोपताना एक गोष्ट मराठीत आणि जेवणाच्या टेबलावर तुमचं दोघांचं बोलणं मराठीत, इथून सुरुवात करा. ती इंग्रजीत उत्तर देतील, तरी तुम्ही मराठी सोडू नका.

प्रश्न : माझी नात वेल्समध्ये कार्मार्थेनशरला असते. घरी इंग्रजी बोलतात आणि तिला वेल्श शाळेत घातलंय. सगळ्यांना इंग्रजी येत असताना हा हट्ट कशासाठी, आणि नातीला पुढे त्याचा उपयोग काय?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, हा हट्ट सरकारी हुकमातून आलेला नाही, तो आईबापांचा आहे. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. १८४७ साली लंडनहून आलेल्या अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिला आणि लोकांच्या अज्ञानाचं खापर त्यांच्या भाषेवर फोडलं. ती सल अजून गेलेली नाही. मग १९३९ मध्ये अबेरिस्टविथला सात मुलांना घेऊन वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, तीही खासगी. सरकारी पैशांवर अशी शाळा उघडली ती १९४७ मध्ये लानेली गावात, म्हणजे तुमच्या नातीच्याच जिल्ह्यात. माध्यमिकसाठी १९५६ उजाडावं लागलं. प्रत्येक शाळेसाठी पालकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, कौन्सिलचे उंबरठे झिजवले.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, वेल्श येतं असं सांगितलं. २०५० पर्यंत हा आकडा दहा लाखांवर न्यायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे, आणि ते व्हायचं तर तुमच्या नातीसारख्या मुलांमुळेच होईल. उपयोगाचं म्हणाल तर शाळा, कौन्सिलं, हॉस्पिटलं यांना दोन्ही भाषा येणारी माणसं हवीच असतात. इंग्रजीची चिंता करू नका, सोळाव्या वर्षी ती इतरांसारखीच इंग्रजीची जीसीएसई, म्हणजे तिथली शालान्त परीक्षा, देईल. तुम्ही तिला व्हिडिओ कॉलवर मराठीत गोष्टी सांगत राहा. तीन भाषा तिला जड होणार नाहीत.

प्रश्न : आम्ही बर्मिंगहॅमहून कार्डिफला जातोय. मुलगा तेरा वर्षांचा, इयर नाइनमध्ये. मुलगी सहा वर्षांची. दोघांना एकाच माध्यमात घालावं, असं वाटतं. योग्य ठरेल का?
— एक बाबा

उत्तर : मला नाही वाटत. मुलीला वेल्श शाळेत जरूर घाला, सहाव्या वर्षी ती सहज रुळेल. मुलाला पुढच्याच वर्षी जीसीएसईचा अभ्यास सुरू होणार. त्याची स्वतःची तीव्र इच्छा असेल आणि शाळा त्याला भाषेसाठी भरपूर वेळ द्यायला तयार असेल तरच विचार करा, एरवी मी त्याला या वयात नव्या माध्यमात टाकणार नाही. ग्विनेडच्या खेड्यांत पर्याय जवळपास नसतो, कार्डिफमध्ये दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. इंग्रजी शाळेतही वेल्श हा विषय सोळा वर्षांपर्यंत सक्तीचाच आहे, तेव्हा तोही थोडंफार शिकेल.

प्रवेशाचा अर्ज कौन्सिलकडे करायचा असतो, शाळेच्या दारात जागा मिळत नाही. वर्षाच्या मधे येत असाल तर घराचा करार होताच अर्ज टाका. शाळेच्या बसचंही तेव्हाच विचारून घ्या. प्राथमिकच्या मुलांना योग्य ती जवळची शाळा दोन मैल किंवा त्याहून लांब असेल, आणि माध्यमिकच्या मुलांना तीन मैल, तर मोफत वाहतुकीचा हक्क असतो. मुलीची वेल्श शाळा त्यात धरली जाते का, एवढं कौन्सिलकडून लेखी घ्या.