गॅलियम आर्सेनाइड की सिलिकॉन? आधी एवढं बघ

‘गॅलियम आर्सेनाइड सहापट वेगवान, मग प्रोसेसर सिलिकॉनचे का?’ दोन्ही चिप बनवायचे अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पदार्थ, म्हणून मलाही हाच प्रश्न पडला होता. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कर.

१. तो वेग फक्त इलेक्ट्रॉनचा. मोबिलिटी, म्हणजे विद्युत क्षेत्रात तो किती चपळ सरकतो, गॅलियम आर्सेनाइडमध्ये साधारण ८५०० विरुद्ध सिलिकॉनमध्ये १४०० (एककं नंतर बघू). होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या) मात्र दोन्हीकडे चारशेच्या आसपास रखडतात, आणि सीमॉसला, म्हणजे प्रोसेसरमधल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर-जोडीच्या रचनेला, इलेक्ट्रॉन आणि होल्स दोन्ही लागतात.

२. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये तापवलं की अंगावर काचेसारखा पक्का ऑक्साइड चढतो. गेटचं (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाचं) इन्सुलेशन जवळजवळ फुकट! गॅलियम आर्सेनाइडला असा भरवशाचा थर मिळत नाही. खरी मेख इथेच आहे.

विजेता ठरवायला बसू नकोस, नवशिके तिथेच फसतात. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघ. लुकलुकणारा तो एलईडी गॅलियम आर्सेनाइडच्याच घराण्यातला. सिलिकॉनला असा उजेड पाडता येत नाही.

बँड डायग्रॅमला (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांच्या आकृतीला) इतक्यात हात लावू नकोस.