‘तुमच्याकडे एआय कितवीपासून?’

अबूधाबीहून एका आईचं पत्र आलंय. मूळच्या गंगापूर रोडच्या. नवऱ्याचं कंत्राट संपत आलंय, त्यामुळे पुढच्या वर्षी बिऱ्हाड परत नाशिकला. मुलगा नववीत, मुलगी चौथीत, दोघंही तिथल्या सीबीएसई शाळेत. सासूबाई फोनवर सांगतात, ‘इकडे आता तिसरीपासून एआय येतंय, तुमची मुलं मागे पडायची.’ न्यू जर्सीच्या जाऊबाई लेकाच्या रोबोटिक्स क्लबचे फोटो टाकतात. अमिरातीने तर बालवाडीपासून एआय सुरू केल्याची बातमी आहे, पण या दोघांच्या दप्तरात त्याचं एक पानही दिसत नाही. ‘आम्ही नेमके आहोत कुठे?’ असं त्या विचारतात.

पत्रातला हा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे, म्हणून आधी तोच घेते.

अमिरातीची बातमी खरी आहे. मे २०२५ मध्ये घोषणा झाली आणि २०२५-२६ पासून बालवाडी ते बारावी एआय हा विषय आला. पण तो सरकारी शाळांसाठी. आपल्याकडच्या मुलांच्या तिथल्या भारतीय शाळा खासगी. म्हणजे घोषणा तुम्ही राहता त्या देशात झाली, तरी तुमच्या मुलांच्या वर्गात काय शिकवायचं हे दिल्लीत ठरतं. त्या अर्थाने तुम्ही आत्ताही नाशिकच्याच वर्गात बसला आहात.

सीबीएसईने २०१९-२० मध्ये नववीपासून एआय हा ऐच्छिक कौशल्य विषय सुरू केला. नववी-दहावीसाठी त्याचा कोड ४१७. शंभरपैकी पन्नास गुण लेखी, पन्नास प्रात्यक्षिक. प्रश्न नीट मांडणं, माहिती गोळा करणं, ती तपासणं, मॉडेल बनवणं, मग ते चुकतं कुठे ते पाहणं, असा त्याचा क्रम आहे. सोबत थोडं गणित, थोडी पायथन ही संगणकाची भाषा आणि थोडा नीतिविचार. तिसरीपासूनची गोष्ट केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केली, २०२६-२७ या वर्षापासूनची. तिच्यात एआयच्या जोडीला संगणकीय विचार आहे, म्हणजे क्रम लावणं, नमुना ओळखणं, मोठ्या कामाचे तुकडे पाडणं. तिसरीच्या मुलाच्या हाती चॅटबॉट देणार अशी सासूबाईंची समजूत असेल, तर ती हळूच दूर करा.

आता मागे पडण्याबद्दल. कोण कुणाच्या मागे, हे बघायला चार देश फिरून येऊ.

चीनचं नाव काढलं की आपल्याकडे पालकांच्या पोटात गोळा येतो. बीजिंगने सप्टेंबर २०२५ पासून प्राथमिक ते उच्च माध्यमिक सर्व शाळांत एआय सक्तीचं केलं हे खरं. किती? वर्षाला किमान आठ तास. महिन्याला धड एक तासही नाही. शिवाय त्याच वर्षीच्या चिनी शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शनात, प्राथमिकच्या मुलांनी मजकूर तयार करून देणारी साधनं एकट्याने वापरू नयेत असं आहे. सिंगापूरमध्ये ‘एआय फॉर फन’ नावाचे पाच ते दहा तासांचे ऐच्छिक वर्ग आहेत. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून कम्प्युटिंग शिकवतात, एआय त्याच्या पोटात येतं. अमेरिकेत तर ‘अमेरिकेत काय शिकवतात?’ हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये एआय शिक्षणाबद्दल राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, पण अभ्यासक्रम राज्यं आणि शाळांचे जिल्हे ठरवतात. न्यू यॉर्क शहराने जानेवारी २०२३ मध्ये शाळांच्या यंत्रणेवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. जाऊबाईंच्या लेकाचा क्लब छानच असेल, पण तो त्या शाळेचा. शेजारच्या गावात तो असेलच असं नाही.

मला खरी बोधप्रद वाटते ती दक्षिण कोरियाची गोष्ट. मार्च २०२५ मध्ये त्यांनी गणित, इंग्रजी आणि संगणक या विषयांची एआय पाठ्यपुस्तकं काही इयत्तांत आणली. मुलाच्या गतीनुसार धडा बदलणार, प्रत्येकाला जणू स्वतःचा शिक्षक मिळणार, असा गाजावाजा होता. पालकांना पडद्यासमोरच्या वाढत्या वेळाची धास्ती, शिक्षकांची तक्रार की तयारीला वेळच दिला नाही. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा बदलला आणि ती पुस्तकं पाठ्यपुस्तकं उरली नाहीत, पूरक साहित्य झाली. एका सत्रात सगळं उरकलं. ‘पी हळद आणि हो गोरी’ हे शाळांच्या बाबतीत पैसेवाल्या, तंत्रज्ञानात पुढे असलेल्या देशालाही जमलेलं नाही.

याउलट एस्टोनिया बघा. चिमुकला देश, लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे नाशिक शहराहूनही कमी. नव्वदच्या दशकात ‘टायगर लीप’ म्हणून त्यांनी शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘एआय लीप’ सुरू केलं, तेही तिसरीपासून नाही. दहावी-अकरावीची वीस हजार मुलं आणि त्यांचे तीन हजार शिक्षक हा पहिला टप्पा. शिक्षकांचं प्रशिक्षण हा योजनेचाच भाग. माझं मत स्पष्ट आहे: शाळा मुलांना एआय कितवीपासून देते यापेक्षा शिक्षकांना किती आधी देते, यावर शाळेची परीक्षा करा.

म्हणून नाशिकमध्ये शाळा शोधायला याल तेव्हा लॅबची चकचकीत फरशी बघून भुलू नका. माहितीपत्रकावर हल्ली सगळीकडेच रोबो असतो. थेट विचारा की हा विषय कोण शिकवतं, आणि तेच शिक्षक आणखी कोणता विषय घेतात. गेल्या वर्षी मुलांनी केलेला एखादा प्रकल्प दाखवायला सांगा. गृहपाठात एआय वापरलं तर काय चालतं, काय नाही, याचा लेखी नियम आहे का ते पाहा. नियम कडक असला तरी हरकत नाही, नसला तर मात्र घोळ आहे. एका शिक्षकाने चालवून घेतलेलं दुसऱ्याकडे कॉपी ठरतं आणि नव्याने आलेलं मूल त्यात सापडतं.

घरीही हाच नियम ठेवा: वापरलं तर सांगायचं. कुठे वापरलं, काय विचारलं, त्यातलं काय घेतलं. अनेक देशांतल्या शाळांत चालणाऱ्या आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाने २०२३ मध्येच सांगितलं की ते बंदी घालणार नाहीत, पण एआयचा मजकूर इतर संदर्भांसारखा नमूद करायचा. ब्रिटनच्या परीक्षा मंडळांच्या नियमांत न सांगता वापरणं हा गैरप्रकार धरतात. देश बदलला की पुस्तक बदलतं, पण ही सवय मुलाबरोबर जाते. आणि हो, रविवारच्या मराठी शाळेचा निबंधही यात आला. तो चॅटबॉटकडून लिहून घेऊन आजीला वाचून दाखवणारी नातवंडं मला माहीत आहेत. आजीला पहिल्या वाक्याला कळतं, ती बोलत नाही इतकंच.

जी कुटुंबं नुकतीच अमेरिका-कॅनडात गेली आहेत, त्यांनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. मजकूर यंत्राने लिहिलाय का हे ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर काही शाळा वापरतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले. साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी या साधनांना संशयास्पद वाटते आणि आपलं नवं आलेलं पोर अगदी तसंच लिहितं. तेव्हा निबंध गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी लिहायला लावा, तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कच्चे कागद टाकू नका. शाळेतून फोन आलाच, तर आवाज न चढवता ते पुढे ठेवा.

चौथीतल्या मुलीसाठी क्लास लावू का, असंही पत्रात आहे. नको. गूगलचं ‘टीचेबल मशीन’, म्हणजे आपण दिलेल्या नमुन्यांवरून आवाज किंवा चित्रं ओळखायला शिकणारं साधन, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, खातं उघडावं लागत नाही. तिला त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द स्वतःच्या आणि भावाच्या आवाजात भरू द्या. दोघांचं ते ओळखायला लागलं की पंचवटीतल्या आजोबांना फोन लावा आणि त्यांच्या आवाजात म्हणवून घ्या. बहुधा ते गडबडेल. का गडबडलं, हे तिला विचारा आणि गप्प बसा. आजोबांचा आवाज आपण त्याला ऐकवलाच नव्हता, हे तिचं तिने शोधलं की पुढे ४१७ च्या पुस्तकात पूर्वग्रहावरचा धडा येईल तेव्हा तो तिला जुना वाटेल.

मोठ्यासाठी नाशिकचीच गोष्ट आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने तोड काढायला ‘कुंभथॉन’ भरलं, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, आपले नाशिकचेच, त्यामागे होते. त्या खटपटीतून इथल्या एका शाळकरी मुलाच्या गटाने पायाखालची चटई बनवली: पाऊल पडलं की दाब नोंदवते आणि किती माणसं गेली ते मोजते. त्यात चॅटबॉट नव्हता. अडचण घराजवळची होती आणि माहिती कशी गोळा करायची ते नेमकं सुचलं. नववीतल्याला पुढच्या सिंहस्थासाठी तो काय मोजेल ते विचारून बघा. तसंही येऊन पडणार आहातच गर्दीच्या तोंडावर.

राहता राहिला व्यवहार. मुलाने नववीत एआय घेतलं असेल, तर दहावीतही तोच विषय पुढे न्यायचा असतो आणि नाशिकच्या प्रत्येक सीबीएसई शाळेत तो मिळेलच असं नाही. त्यामुळे शाळेला ई-मेल करताना विषयाचं नाव न लिहिता थेट ४१७ लिहा, उत्तर लेखी मागा. दहावीत थेट प्रवेशाला बोर्डाच्या अटी आहेत, बदलीचं कारण कागदावर लागतं, तेव्हा नवऱ्याच्या कंपनीचं पत्र तिथून निघतानाच घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुणाचे सही-शिक्के हवेत, तेही त्याच ई-मेलमध्ये विचारून टाका.