नवीन लागलायस ना, मग हे ऐक

अरे बाबा, गाडी चालवता येते म्हणून हे शववाहिनीचं काम येतं असं नाही. फोन आला की आधी विचार, माणूस घरी वारला की हॉस्पिटलात, कारण घरी वारला असेल तर डॉक्टरचा दाखला आधी, आणि अपघात, बुडणं असलं काही असेल तर पोलीस पंचनामा नि पोस्टमॉर्टम झाल्याशिवाय बॉडीला हात लावायचा नाही, घरचे कितीही रडूदेत. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शवागारात गेलास की टॅगवरचं नाव स्वतः वाच, मग घरच्यांना बॉडीचं तोंड दाखव, मगच उचल. छातीत पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, आहे का हे पण विचार, चितेत फुटतो तो, आधी डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी मी विचारलंच नाही, सरणावर फाटकन आवाज झाला नि मुलगा दचकून मागे पडला, अजून आठवतं.

पावसात लाकडं ओली असतात, सुक्या करवंट्यांचं पोतं गाडीत ठेव. मुलगा गल्फात किंवा बोटीवर असेल तर विमानतळ दाबोळी की मोपा, फ्लाईट किती वाजता, हे आधी विचार, मग भटजींना वेळ दे. आणि हो, मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, घरच्यांना हे कागदावर लिहून दे, त्या दिवशी सांगितलेलं कोणाच्या डोक्यात राहत नाही.