चिपी ते पुणे: पस्तीस मिनिटांचा तास कसा होतो?

प्रश्न: चिपी विमानतळापासून पुण्याचं हवाई अंतर मोबाइलवर २९० किलोमीटर दिसतं. एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटर जातं म्हणे. म्हणजे पस्तीस मिनिटं झाली. मग तिकिटावर तासाभराहून जास्त वेळ का लिहितात? भाचा मला पुण्याला घ्यायला येणार, त्याला कधी बोलावू? — एक वाचक, कुडाळ

उत्तर: तुमचा हिशेब चोख आहे, फक्त विमान त्या हिशेबाने उडत नाही. २९० हे दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर. (कुठे १५६ दिसलं तर दचकू नका, ते सागरी मैल, १.८५२ ने गुणायचं.) फोंडा घाट चढून गाडीने गेलात तर साडेतीनशेच्या वर पडतं, त्यामानाने हे फारच कमी.

आता तिकिटावरची वेळ. ती उड्डाणाची नव्हेच. चिपीला चाकाखालचे ठोकळे, आमच्या भाषेत चॉक, काढले की घड्याळ सुरू होतं आणि पुण्याला ते पुन्हा लावले की थांबतं. लहान विमानतळांवर बहुधा समांतर टॅक्सी-वे, म्हणजे धावपट्टीच्या टोकापर्यंत नेणारा बाजूचा रस्ता, नसतो, त्यामुळे विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत रमतगमत जातं, तिथे वळतं आणि मग पळतं. पाचेक मिनिटं तिथेच गेली.

खरी गंमत पुढे आहे. चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम, पुण्याच्या लोहगाव विमानतळाचीही जवळजवळ पूर्व-पश्चिम, आणि तुम्हाला जायचंय उत्तरेला! वारा पश्चिमेचा असला की विमान समुद्राकडे तोंड करून सुटणार आणि मग उजवीकडे वळणार. पुण्यात उतरतानाही तोंड वाऱ्याकडेच हवं, म्हणून शहराच्या पूर्वेला, वाघोलीच्या अंगाने वळसा घालून यायचं. खिडकीतून पुणं दिसलं म्हणून शेजारचे पट्टे सोडायला लागतात, पण अजून बराच अवकाश असतो. मी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये नोकरी केलेला माणूस, त्यामुळे ही घाई पाहिली की हसू येतं.

शिवाय ताशी ५०० चा वेग मधल्या टप्प्यातला. वर चढताना तो तीनशे-साडेतीनशेच्या घरात असतो आणि ठरलेल्या उंचीला पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उतरताना वेग पुन्हा कमी. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला थोडं थांबावं लागतं. तो टॉवरवाल्यांचा आळस नव्हे, धावपट्टी एकच आहे!

एवढं धरूनही कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटं पदरची घालतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तरी विमान ‘वेळेवर’ मोजलं जातं, तेव्हा सैल वेळ लिहिलेली बरी पडते. म्हणून ‘लवकर पोचलो’ ही घोषणा ऐकून फार हुरळून जाऊ नका.

भाच्याला पस्तीस मिनिटांचा हिशेब सांगू नका. तिकिटावर पोचण्याची जी वेळ आहे, त्यानंतर वीस मिनिटांनी त्याला बोलवा. सामान पट्ट्यावर टाकलं असेल तर अर्ध्या तासाने. आणि निघताना चिपीकडून विमान सुटल्याचा फोन त्याला कुणीतरी करू द्या. जून ते सप्टेंबर तर नक्कीच.