पडताळणी झाली, पारख राहिली

मिरजेच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : "मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. पतसंस्थांसाठी केलेल्या आमच्या प्रणालीची पुस्तिका मराठीत लिहायची आहे. व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन या दोन्हींना ऑफिसात सगळे 'पडताळणी'च म्हणतात. कुणी 'सत्यापन' आणि 'वैधीकरण' सुचवलं, पण ते आमच्याच लोकांना कळेना. आणि क्वालिटी ॲशुरन्सला 'गुणवत्ता हमी' म्हटलेलं चालेल का?"

व्हेरिफिकेशनला 'पडताळणी' अगदी चपखल आहे, ते सोडू नका. दुसऱ्यासाठी मात्र वेगळा शब्द घ्यायलाच हवा. का, ते जरा सविस्तर सांगतो.

पडताळणीच्या पोटात 'ताळा' आहे. पडसाद, पडछाया यांतला 'पड' म्हणजे 'प्रति', आणि तोच मला पडताळ्यातही ऐकू येतो. ताळा म्हणजे केलेलं गणित बरोबर आहे का, हे दुसऱ्या वाटेनं बघणं. जुन्या पिढीतले दुकानदार आणि दिवाणजी गुणाकार केला की नऊचा ताळा घेत. ३४७ गुणिले २६, उत्तर ९०२२. आता ३४७ मधल्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २६ ची ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तरातल्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जमला.

पण लिहिताना हात चुकून ९२०२ पडले असते तर? अंकांची बेरीज तीच, १३. ताळा तरीही जमला असता आणि उत्तर १८० नं चुकलं असतं. ताळा जमला नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे, पण जमला म्हणून चूक नाही असं म्हणता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत टेस्टिंगबद्दल हेच सांगितलं : चाचणीतून दोष असल्याचं कळतं, दोष नसल्याचं कळत नाही. ज्याला लहानपणी नऊचा ताळा शिकवलाय त्याला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच मला 'सत्यापन'पेक्षा 'पडताळणी' हवी. सत्यापनात सत्य हाती लागल्याचा दावा आहे. पडताळणी फक्त एवढंच म्हणते, की हे त्याच्याशी ताडून पाहिलं आणि जुळलं.

कशाशी ताडून पाहिलं? कागदाशी. काय बनवायचं ते ज्यात ठरवून लिहिलंय, त्या कागदाशी. पण कागदच अपुरा असेल तर? दुसऱ्या शब्दाची गरज इथे सुरू होते. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले जाणकार बॅरी बोहेम यांनी व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशनमधला फरक दोन प्रश्नांत मांडला होता. वस्तू नीट बनवतोय का, हा पहिला. जी बनवायला हवी तीच बनवतोय का, हा दुसरा.

मी काही वर्षं एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात होतो. रोज फिरून बचतीचे पैसे गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांसाठी मोबाइलवर पैसे नोंदवायची नवी सोय आली. ठरल्या कागदातला मुद्दा न् मुद्दा तपासला होता. व्याज पैशापर्यंत बरोबर, पावती बरोबर, रात्रीची बेरीज बरोबर. पण ग्राहक शोधायचा तर बारा आकडी खाते क्रमांक टाकावा लागायचा. आमचा एजंट संध्याकाळी मंडईतून फिरायचा तेव्हा एका हातात पैसे, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि समोरची भाजीवाली मावशी गिऱ्हाईक सांभाळत नोटा पुढे करतेय. त्याला ती 'कोपऱ्यावरची कांदेवाली' म्हणून ठाऊक. बारा आकडे तो कुठून काढणार? आठवड्याभरात सगळे एजंट पुन्हा डायरीवर आले. डायरीत लिहायचं आणि रात्री घरी बसून मोबाइलमध्ये भरायचं. मावशीला पावती दुसऱ्या दिवशी. ज्या पावतीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच तिच्या हातात वेळेवर पडत नव्हती. पडताळणीत एकही चूक नव्हती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

जे राहून गेलं त्याला मी 'पारख' म्हणेन. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात हे रोज दिसतं. पोत्याचं वजन पावतीशी जुळतं का, ही पडताळणी. व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडतो आणि आतला रंग बघतो, ती पारख. त्यात घेणारा स्वतः असतो, त्याचे डोळे असतात, पुढे त्या मालाचं काय करायचंय ते त्याला माहीत असतं. व्हॅलिडेशनचा जीव तोच आहे.

'वैधीकरण' मला का नको, तेही सांगतो. वैध म्हणजे कायद्याला धरून. जात पडताळणी होते आणि हातात वैधता प्रमाणपत्र पडतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तिथे तो शब्द शोभतो. पण मंडईत न चालणाऱ्या सोयीला अवैध कोण म्हणेल? ती वैधच होती, फक्त उपयोगाची नव्हती.

कागद अपुरा असला की केवढं नुकसान होतं, याचा मोठा दाखला म्हणजे एरियन ५. ४ जून १९९६ ला हे अग्निबाण यान उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच नष्ट झालं. दिशा सांभाळणारी प्रणाली एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतली होती. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या जागेत बसवला जायचा, आणि तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या यानाच्या मार्गावर हा आकडा कधी तेवढा वाढत नसे. नवं यान जास्त वेगानं आडवं जात होतं, आकडा मावला नाही आणि प्रणाली बंद पडली. जोडीला ठेवलेली दुसरी प्रणालीही तशीच, त्यामुळे तीही त्याच कारणानं बंद पडली. चौकशीत निघालं, की नव्या यानाच्या मार्गाची माहिती त्या प्रणालीच्या मागणीपत्रकात घातलीच नव्हती. ताडून पाहायचं ते कशाशी?

आता 'हमी'. ही आपण दुसऱ्याला देतो आणि मग ती पाळावी लागते. हमीभाव म्हटलं की शेतकरी तो मागायला येतो, आणि त्याचा तो हक्कच आहे. क्वालिटी ॲशुरन्स म्हणजे दोष निघणारच नाही असं वचन नव्हे. काम ज्या रीतीनं चाललंय ती रीत भरवशाची आहे ना, याची स्वतःची खात्री पटवून घेणं, म्हणजे 'खातरजमा'. तुमच्या पुस्तिकेत 'गुणवत्तेची खातरजमा' लिहा.

तपासणी आणि चाचणी यांचीही गल्लत होऊ देऊ नका. कोड नुसता वाचून चूक शोधायची ती तपासणी, चालवून बघायचं ती चाचणी. नव्या साखर कारखान्याचा 'चाचणी गळीत हंगाम' असतो तेव्हा खराच ऊस आत जातो. प्रणालीचा एकेक तुकडा वेगळा चालवून बघणाऱ्या युनिट टेस्टला तर शाळेनं केव्हाच शब्द देऊन ठेवलाय, घटक चाचणी. रिग्रेशन टेस्टिंगला 'प्रतिगमन चाचणी' म्हणतात, ते मला पटत नाही. एक दुरुस्ती करताना आधीचं चालू असलेलं शाबूत राहिलं ना, एवढंच त्यात बघायचं असतं. 'शाबूत चाचणी' म्हणून बघा, तोंडात बसते का. नुसतं 'फेरचाचणी' म्हणू नका. ती दुरुस्त केलेली जागाच पुन्हा बघण्यासाठी लागेल.

राहिली यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग, म्हणजे वापरणाऱ्यानं स्वतः चालवून पसंती द्यायची चाचणी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या गावाजवळ बसून 'वापरकर्ता स्वीकृती चाचणी' कशाला लिहायचं? 'रंगीत तालीम' लिहा. तिच्यात कपडे, रंगभूषा, दिवे सगळं खऱ्या प्रयोगासारखंच असतं, फक्त प्रेक्षक यायचे असतात. तुमच्या तालमीला पिग्मी एजंटला एसी खोलीत सकाळी अकराला बोलावू नका. संध्याकाळी सातला, मंडईत, त्याच्याच मोबाइलवर घ्या, आणि शेजारी उभं राहून मावशीच्या हातात पावती किती वेळानं पडते ते बघा.