उत्तर: दोन्ही गटांचे आकडे सारखेच आलेत? आधी संध्याकाळची शिफ्ट बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि अक्षरशः पोटात गोळा आला. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांच्या केअर होम्समधली प्रॅग्मॅटिक ट्रायल (म्हणजे नेहमीच्या परिस्थितीतच घेतलेली चाचणी), औषधं न वाढवता अस्वस्थपणा कमी करायचा कार्यक्रम, आठ महिने झालेत, मधल्या मोजणीत कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या होम्सच्या गटांत फरक नाही, स्टाफ म्हणतोय "आम्ही सगळं केलं", आणि तुमच्या सरांचं मत की कार्यक्रमातच दम नाही, आता आहेत त्याच होम्समधून अजून माणसं घ्या नाहीतर गुंडाळा. नावं बदलली तर ही माझीच गोष्ट आहे. (गटवार आकडे सहसा शेवटपर्यंत झाकलेले असतात, ते अर्ध्या वाटेत तुम्हाला आणि सरांना दिसलेच कसे, हा वेगळा प्रश्न आहे. तो आत्ता बाजूला ठेवते, पण विसरू नका.)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिशियन तर मुळीच नाही. ट्रायल को-ऑर्डिनेटर म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे हे सगळं फाइली उचलणाऱ्या माणसाचं मत समजा. रँडमायझेशन (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं) कसं करायचं, क्लस्टर (इथे एकेक अख्खं होम) म्हणजे काय वगैरे तुम्हाला माहितीच असणार, त्यात जात नाही.

आमचा कार्यक्रम कागदावर छान होता. प्रत्येक व्यक्तीचं आधीचं आयुष्य एका पानावर लिहायचं, काय काम करायचे, कशाने शांत होतात, कशाने बिथरतात, आणि त्यावरून रोज दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी त्यांच्याबरोबर बसून काहीतरी करायचं. ट्रेनिंग ठेवलं सकाळी अकरा वाजता, कारण ती वेळ मॅनेजरना सोयीची, आम्हाला सोयीची, सगळ्यांनाच सोयीची होती. हजेरीपट भरलेला. मी तो स्कॅन करून रिपोर्टला जोडला आणि खाली लिहिलं, इंटरव्हेन्शन (म्हणजे हा कार्यक्रम) पोहोचलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. हजेरीपट म्हणजे इंटरव्हेन्शन नव्हे हो! पण ते मला कळायला दहा महिने गेले, तेही योगायोगाने.

एका होममध्ये फॉर्म न्यायला मी उशिरा पोहोचले, साडेपाच झाले असतील, संध्याकाळच्या सिस्टर यायच्या होत्या म्हणून हॉलमध्ये बसून राहिले. तिथे एक आजोबा होते, पूर्वी शिक्षक, ते दर पाच मिनिटांनी दाराकडे जायचे, "मुलं बाहेर उभी आहेत, दार उघडा" म्हणायचे आणि केअरटेकर मावशी त्यांना हाताला धरून परत खुर्चीत आणून बसवायच्या. मावशी मायाळू होत्या, पण एकट्या होत्या आणि हॉलमध्ये चौदा जण. चौथ्या-पाचव्या वेळी आजोबांनी हात झटकला, ओरडले, मग बाकीचे पण सुरू झाले. मी मावशींना विचारलं, यांचं माहितीचं पान बघितलंय का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की कुठलं पान? पान होतं. त्यावर आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की यांच्या हातात तपासायला वह्या दिल्या की अर्धा तास बसतात. ते पान दिवसाच्या सिस्टरच्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सिस्टरबरोबर दुपारी तीनला घरी गेलेली.

डिमेन्शियात अनेकांचा अस्वस्थपणा दुपार कलल्यावर वाढतो हे आम्हाला काय माहीत नव्हतं का? प्रपोजलमध्ये त्यावर अख्खा परिच्छेद होता! पण ट्रेनिंग मिळालं सकाळच्या शिफ्टला आणि त्रास व्हायचा संध्याकाळच्या शिफ्टला, जिथे माणसं कमी, अर्धी बदली कामगार, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन चेहरे.

मग मी रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या कामाची टिक मारायचं रजिस्टर उघडलं. नोंदी कॉम्प्युटरवर होत्या, म्हणजे नोंद केल्याची वेळ पण होती, फक्त ती आजवर कोणी बघितली नव्हती. एका होममध्ये महिनाभराच्या सगळ्या नोंदी शेवटच्या तारखेला रात्री सलग काही मिनिटांत टाकलेल्या. त्यांना खोटारडे म्हणू नका हं, मी पण नाही म्हटलं. फॉर्म आम्ही असा बनवला होता की टिक केल्याशिवाय पान पुढे जायचं नाही, मग माणूस दुसरं काय करणार.

आणि याहून वाईट म्हणजे मोजणी. आम्ही कोहेन-मॅन्सफील्ड (अस्वस्थपणा मोजायची प्रश्नावली) वापरत होतो, तुम्ही पण तेच वापरताय असं पोस्टवरून वाटतं. २९ प्रकारची वागणूक, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा झाली ते स्टाफला विचारायचं. आम्ही कुणाला विचारलं? दिवसाच्या सिस्टरला. संध्याकाळचं तिला जे माहीत ते हँडओव्हरच्या वहीतलं, आणि वहीत लिहिलेलं असायचं "रात्र ठीक". म्हणजे समजा एखाद्या होममध्ये कार्यक्रम खरंच संध्याकाळपर्यंत पोहोचला असता आणि फरक पडला असता, तरी आमच्या आकड्यात तो दिसलाच नसता!

तेव्हा आमच्या सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "प्रॅग्मॅटिक आहे ना, मग कोण कसं वापरतं त्यात आपण पडायचं नाही." मलाही ते पटायचं. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की चिडचिड होते. श्वार्ट्झ आणि लेलूश या संशोधकांनी १९६७ मध्ये प्रॅग्मॅटिक ट्रायल आणि आदर्श परिस्थितीतली ट्रायल हा फरक मांडला तेव्हा मुद्दा होता की नेहमीच्या परिस्थितीत, प्रत्यक्ष निर्णय घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं उत्तर शोधा. डोळे मिटून घ्या असं त्यांनी कुठे म्हटलंय? २०१५ च्या प्रेसिस-२ मध्ये (ट्रायल किती प्रॅग्मॅटिक आहे ते ठरवायचं साधन, ५ म्हणजे सगळ्यात जास्त) नऊ बाबींना १ ते ५ गुण द्यायचे असतात, त्यातल्या दोन लवचिकतेच्या, आम्ही दोन्हीकडे अभिमानाने ५ दिले होते. ५ चा अर्थ स्टाफच्या मागे काठी घेऊन लागायचं नाही एवढाच. काय घडलं याची गुपचूप नोंद ठेवायला कुणी अडवलेलं नाही.

सरांना दाखवायला एक उदाहरण देते. अमेरिकेत प्रूव्हन नावाची मोठी ट्रायल झाली, ३६० नर्सिंग होम्स, त्यातल्या ११९ मध्ये पुढच्या उपचारांच्या इच्छांबद्दलचे छोटे व्हिडिओ रहिवाशांना किंवा घरच्यांना दाखवायचे होते. २०२० मध्ये निकाल आला, हॉस्पिटलच्या फेऱ्यांत म्हणावा असा फरक नाही. पण त्यांनी व्हिडिओ दाखवला की नाही याची नोंद होमच्या रोजच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्येच बसवलेली होती, त्यामुळे त्यांना सांगता आलं की ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्यातल्या साधारण पाचातल्या एकालाच व्हिडिओ दाखवला गेला होता. आमचाही निकाल तसाच आला, फक्त आम्हाला "का" सांगता आलं नाही. रिव्ह्यूअरनी विचारलं, आम्ही गोलगोल उत्तर दिलं.

उलट बाजूला ब्रिटनमधली व्हेल्ड ट्रायल, ६९ केअर होम्स, २०१८ मध्ये निकाल, जीवनमान आणि अस्वस्थपणा दोन्हीत फायदा दिसला. पण तिथे प्रशिक्षित थेरपिस्ट होमच्या स्टाफला नऊ महिने हाताला धरून शिकवत होते. एक दिवसाचं ट्रेनिंग, एक फोल्डर आणि नमस्कार, असं नव्हतं ते.

आता लगेच असं समजू नका की प्रत्येक वेळी पोहोचवण्यातच घोळ असतो. डी-केअर ट्रायल बघा, डिमेन्शियाचे २१७६ रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक, एकीकडे हॉस्पिटलमधून चालवलेली काळजी, दुसरीकडे समाजसंस्थेतून, तिसरीकडे नेहमीची. २०२५ मध्ये छापून आलं, १८ महिन्यांत रुग्णाच्या वागणुकीच्या त्रासात आणि काळजीवाहकाच्या ताणात अर्थपूर्ण फरक नाही. कधीकधी खरंच फरक नसतो, आणि तुमच्या सरांचं बरोबरही असू शकतं. पण ते बोलण्याआधी कार्यक्रम पोहोचला की नाही एवढं तरी माहीत हवं ना.

तर माझ्या मते (माझ्या मते!) या आठवड्यात मॅनेजरची परवानगी घेऊन दोन-तीन होम्समध्ये चार ते आठ नुसतं बसा. क्लिपबोर्ड नको, क्लिपबोर्ड दिसला की सगळे शहाण्यासारखे वागायला लागतात. तुमचे कागद कुठे ठेवलेत ते बघा आणि सगळ्यात नवीन केअरटेकरला विचारा की असा काही कार्यक्रम आहे हे माहीत आहे का. नोंदींच्या वेळा काढून घ्या. हे जे सापडेल ते प्रोसेस डेटा (कार्यक्रम कसा राबवला गेला याची माहिती) म्हणून लिहून ठेवा, ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंग कमिटीला कळवा, आणि संध्याकाळच्या स्टाफला पुन्हा ट्रेनिंग द्यायचं असेल तर ते प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या ठरलेल्या लेखी आराखड्यात) बसतं का ते आधी विचारा, नसेल तर अमेंडमेंट, म्हणजे आराखड्यात रीतसर बदल. मुख्य आउटकम (ज्या मोजणीवर निकाल ठरतो ती) मात्र आत्ता बदलू नका. आणि ज्या होम्सनी काहीच केलं नाही ती गाळून उरलेल्यांचं ॲनालिसिस करू असं कोणी सुचवेल, आमच्याकडे सुचवलं होतं, त्याला सरळ नाही म्हणा. ज्या होममध्ये कार्यक्रम नीट होतो तिथे मुळातच स्टाफ पुरेसा असतो, मॅनेजर टिकलेला असतो, मग फरक कार्यक्रमाचा की त्या होमचा हे सांगता येत नाही.

त्याच होम्समधून अजून माणसं घ्यायचा मुद्दा: फारसा उपयोग नाही. एका होममधली माणसं एकमेकांसारखी असतात, तोच स्टाफ, तेच वातावरण. ३० होम्स, प्रत्येकी २० जण, आणि आयसीसी (एका होममधली माणसं एकमेकांसारखी किती, याचा आकडा) ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे किती पट जास्त माणसं लागतात ते) १.९५, म्हणजे तुमचे ६०० जण जेमतेम ३०८ जणांच्या बरोबरीचे. होम्स वाढवता येत असतील तर बोला. (हे गणित तुमच्या स्टॅटिस्टिशियनकडून तपासून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.)

शिवाय उशिरा माणसं घेण्यात अजून एक खड्डा आहे आणि त्यात आम्हाला एका मंजुरी देणाऱ्या ऑफिसने ढकललं. नाव घेत नाही. डिमेन्शियामुळे स्वतः संमती देऊ न शकणाऱ्यांसाठी घरच्यांच्या सहीचा फॉर्म, यात वाद नाही, हवाच. पण तो फॉर्म पाच महिन्यांत चार वेळा परत आला, एकदा तर फक्त पानांच्या क्रमांकाची जागा चुकली म्हणून, फोन कोणी उचलायचं नाही, ईमेलला उत्तर "प्रक्रियेत आहे". तोवर कुठलं होम कुठल्या गटात हे जाहीर झालेलं होतं. सह्या घ्यायला लागलो तेव्हा कार्यक्रम मिळणाऱ्या होम्समधल्या सिस्टरनी साहजिकच सगळ्यात जास्त त्रास असलेल्यांची नावं आधी दिली, आणि दुसऱ्या गटातून शांत, सोयीची माणसं आली. बेसलाइनच (सुरुवातीची मोजणीच) वाकडी. आणि ज्यांना भेटायला कोणीच येत नाही ती माणसं सही नाही म्हणून बाहेरच राहिली, खरं तर काळजीची गरज त्यांनाच जास्त. यावर मी अजून तासभर बोलू शकते, पण असो.

बारीकसारीक गोष्टी: माहितीचं पान कपाटात नको, खोलीत पलंगाजवळ असू द्या, फक्त खाजगी मजकूर त्यात लिहू नका आणि घरच्यांना आधी विचारा. तुमच्या कार्यक्रमात गाणी असतील तर हेडफोनवर नावाची पट्टी लावा, आमचे निम्मे हेडफोन खिशातून लॉन्ड्रीत गेले. आणि कानाचं मशीन चालू आहे का ते आधी बघा, एका आजींना आम्ही तीन आठवडे बॅटरी संपलेल्या मशीनवर जुन्या आठवणी विचारत होतो आणि फॉर्मवर लिहीत होतो "प्रतिसाद नाही".

नोंदींच्या वेळा काढल्यात की इथेच सांगा, होमचं नाव न टाकता. आणि मोजणी कोणत्या शिफ्टच्या माणसाला विचारून होते तेही लिहा, पोस्टमध्ये ते दिसलं नाही.